हॅकबेरी क्रीकची फिरती ढाल

मित्रांनो, शाळेच्या कार्यालयातील काचेच्या कपाटात तुम्ही ढाली पाहिल्या असतील. बक्षीस समारंभाच्या दिवशी त्यांच्यावरून फडके फिरते आणि पुढे वर्षभर त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. मी त्यांच्यातलीच एक, फक्त वयाने बरीच मोठी. हॅकबेरी क्रीक नावाच्या ओढ्याकाठच्या सहा गावांच्या शाळांची मी फिरती ढाल. आज थोडे माझ्याविषयी सांगते. खरे तर त्या सहा शाळांविषयी सांगते, कारण त्यांच्याखेरीज मला स्वतःचे असे काही आयुष्य नाही.

माझा जन्म १९३२ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या डेनबर्ग गावच्या शाळेत झाला. ऑगस्ट टिट्झ नावाचे शिक्षक तेथे मुलांना सुतारकाम शिकवत. वीज पडून वाळलेल्या एका अक्रोडाच्या झाडाची फळी त्यांना मिळाली होती. त्यांनी मुलांकडून मला कापून घेतले, तासून घेतले आणि जवसाचे तेल पाजले. एका मुलाच्या हातून करवत जरा घसरली, म्हणून माझा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित उतरता आहे. तो मुलगा रडवेला झाला तेव्हा टिट्झ सर म्हणाले, "राहू दे रे. भिंतीवर टांगली की कुणाला कळणार आहे?" कुणाला कळले नाही हे खरे, पण मला मात्र तो खांदा आवडतो.

त्या वर्षी डेनबर्ग, टोर्सन, हार्लो, सेंट वेन्सेल, केलर्ट आणि गिलबी या सहा गावांच्या मुख्याध्यापकांनी हार्लोच्या चर्चच्या तळघरात कॉफी पीत एक लीग स्थापन केली होती. कारण साधे होते. गिलबीच्या शाळेत सगळे मिळून अकरा मुलगे. ते मोठ्या शहराच्या शाळेशी बास्केटबॉल खेळायला जात, साठ गुणांनी हरत आणि परतताना गाडी चिखलात रुतली की ती ढकलत घरी येत. हरायचेच तर शेजाऱ्याकडून हरावे आणि वेळेवर घरी येऊन गाई पिळाव्यात, असे ठरले. दर मार्चमध्ये सहा शाळांची स्पर्धा व्हायची. जिंकेल त्या शाळेत मी वर्षभर राहायचे आणि माझ्या अंगावर त्या शाळेच्या नावाची व सालाची एक छोटी पितळी पट्टी बसायची.

ते दिवस फार चांगले होते. मी कधी बसमधून, कधी मक्याच्या गाडीतून, एकदा तर एका आजीबाईंच्या मांडीवर बसून या गावाहून त्या गावाला गेले. सामन्याआधी मुले माझ्या खालच्या कडेला हात लावून जात. किती हात लागले असतील कोण जाणे, ती कड काळी पडली ती पडलीच. एके वर्षी सेंट वेन्सेलच्या मुलांनी मला हार्लोच्या शाळेतून पळवून कोंबड्यांच्या खुराड्यात लपवले. आठ दिवस मी तेथे होते. रविवारी प्रार्थना संपल्यावर त्यांचे पाद्री शांतपणे म्हणाले, "कुणाच्या तरी खुराड्यात जे आहे, ते उद्या शाळा भरायच्या आत हार्लोला पोचेल. कुणी ठेवलं ते मी विचारणार नाही, कारण मला माहीत आहे." सोमवारी सकाळी मी हार्लोला होते. पुढे युद्ध आले, पेट्रोलला रेशन लागले, मोठी मुले समुद्रापार गेली. दोन वर्षे स्पर्धाच झाली नाही. त्या दोन वर्षांच्या जागा माझ्या अंगावर मुद्दाम कोऱ्या ठेवल्या आहेत.

आता मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्या वर्ना क्राट्की १९४९ साली डेनबर्गच्या शाळेत टाइपिंग शिकवायला आल्या. त्या त्याच गावच्या शेतकऱ्याची मुलगी. सडपातळ, मितभाषी, आणि एक पेन्सिल कायम कानावर. त्या काळी आमच्या भागात मुलींना सामने खेळू देत नसत, पण खेळाचे नियम वर्नाबाईंइतके कोणालाच पाठ नव्हते. पहिल्याच वर्षी त्यांना लीगचे चिटणीस केले. स्पर्धेची अधिकृत गुणवहीही त्यांच्याकडेच आली. सामन्यात त्या टेबलाशी बसत, प्रत्येक गुण खेळाडूच्या नावापुढे मांडत, मग पानाच्या तळाशी छापलेल्या त्या संघाच्या चढत्या आकड्यांतला एकेक आकडा खोडत. तो शेवटचा खोडलेला आकडा म्हणजेच निकाल. टेबलाच्या एका टोकाला मी उभी असे, म्हणून त्यांचे पुटपुटणेसुद्धा मला ऐकू येई.

डेनबर्गने मला शेवटचे जिंकले होते १९३९ साली. त्यानंतर एकोणीस वर्षे गेली. गावातली लहान मुले म्हणू लागली होती की ढाल डेनबर्गला यायचा रस्ताच विसरली. १९५८च्या मार्चमध्ये मात्र डेनबर्गचा संघ अंतिम सामन्यात पोचला. संघाचे प्रशिक्षक होते एमिल क्राट्की, वर्नाबाईंचे धाकटे भाऊ. दोघे आईबरोबर एकाच घरात राहत. समोर टोर्सनचा संघ होता आणि त्यांच्याकडे नेल्स फोसे नावाचा उंच, लाल केसांचा मुलगा होता. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा डेनबर्गचे एक्केचाळीस आणि टोर्सनचे चाळीस गुण होते. एमिल सरांना मी त्या दिवशी प्रथमच हसताना पाहिले. मुलांनी मला डोक्यावर घेऊन नाचवले. गावात शिरताना चर्चची घंटा वाजत होती, ती कोणी वाजवली हे कधीच कळले नाही.

सोमवारी दुपारी घड्याळजीने येऊन माझ्यावर 'डेनबर्ग १९५८' ही पट्टी दोन खिळ्यांनी ठोकली आणि मला वर्नाबाईंच्या वर्गात ठेवले. शाळा सुटल्यावर वर्नाबाई वर्तमानपत्राला पाठवण्यासाठी गुणवही टाइप करायला बसल्या. यंत्राची टकटक चालू होती, ती मध्येच थांबली. त्यांनी पान मागे उलटले. बोटाने एकेक नाव मोजले. कानावरची पेन्सिल काढून पुन्हा मोजले. त्यांनी निरोप पाठवून एमिल सरांना बोलावून घेतले.

"एमिल, जरा बस."

"उभाच बरा आहे. सगळं गाव हात मिळवायला येतंय. काय झालं?"

"तिसऱ्या भागात नेल्स फोसेनं एक फ्री थ्रो टाकला होता. त्याच्या नावापुढे मी खूण केलीय. खालचा आकडा खोडायचा राहिला."

एमिल सरांनी वही उचलली. ओठ हलवत त्यांनी मोजले, आणि पुन्हा एकदा मोजले.

"म्हणजे एक्केचाळीस, एक्केचाळीस."

"हो. तीन मिनिटांचा जादा खेळ व्हायला हवा होता."

"आणखी कुणी बघितलंय हे?"

"तू."

"मग ऐक. पंच दालनाबाहेर पडले की वहीतला आकडा कायम. दरवर्षी हा नियम तूच वाचून दाखवतेस."

"दाखवते."

"मग झालं तर. मिट ती वही."

"मिटीन रे. पण उद्या एखाद्या पोराच्या पानावर एक अक्षर चुकलं, तर पुन्हा सगळं पान कर असं कोणत्या तोंडानं सांगू?"

"वर्ना, एकोणीस वर्षं झाली. या गावाला काहीतरी मिळालंय. आणि ते माझ्या बहिणीनं काढून घ्यायचं?"

"चूक माझी आहे. तुझ्या पोरांची नाही. तसंच सांगीन मी."

एमिल सरांनी वही टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. जाताना दार लावायचे त्यांना भान राहिले नाही. थंड वारा आत आला आणि टाइप केलेले कागद जमिनीवर पसरले. वर्नाबाईंनी ते एकेक करून गोळा केले.

गुरुवारी सहा मुख्याध्यापक त्याच वर्गात मुलांच्या बाकांवर बसले. वर्नाबाईंनी उभे राहून सगळे वाचून दाखवले. नियम स्पष्ट होता. सहाही जणांनी हात वर करून निकाल कायम ठेवला. टोर्सनचे मुख्याध्यापक लुंड हे वयाने सर्वांत मोठे. ते म्हणाले, "आमची तक्रार नाही. असं आमच्या बाजूनं घडलं असतं तर आम्ही सांगितलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. फक्त तुमच्या पोरांना खरं काय ते कळू द्या."

डेनबर्गच्या संघाला आत बोलावले. एमिल सर खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभे होते. मुलांनी ऐकून घेतले. मग कर्णधार मिलो सोबोत्का बोलला. तो बेकरीवाल्याचा मुलगा, ठेंगणा आणि रुंद.

"म्हणजे ढाल आमचीच राहते?"

"राहते," वर्नाबाई म्हणाल्या.

मिलोने बाकीच्यांकडे पाहिले. "धान्य कोठारात घालायला टोर्सनलाच जावं लागतं सगळ्यांना. सबंध उन्हाळा त्या ट्रकच्या रांगेत उभं राहायचं आणि त्यांची तोंडं बघायची. त्यापेक्षा ती तीन मिनिटं खेळून टाकू की."

"हरलात तर?" एमिल सरांनी वळून विचारले.

"तर हरलो, सर. पण रांगेत मान वर करून उभं तरी राहता येईल."

मुलांपैकी दोघे नको म्हणाले आणि सहा जण हो म्हणाले. असे ठरले.

दुसऱ्या शनिवारी टोर्सनच्या शाळेत तो सामना झाला. केवढीशी ती शाळा. खेळायच्या दालनाचे छत इतके बुटके की चेंडू उंच उडवला तर तुळईला लागे. एका बाजूच्या भिंतीवर गाद्या बांधल्या होत्या, म्हणजे धावत आलेल्या मुलाचे डोके फुटू नये. तीन मिनिटांच्या खेळासाठी सहाही गावांतून लोक आले. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते बाहेर बर्फात, खिडक्यांना नाक लावून उभे राहिले. गिलबीच्या बायकांनी केक आणले होते आणि ते खेळापेक्षा जास्त वेळ पुरले.

वर्नाबाईंनी पेन्सिल लुंड सरांपुढे धरली. "आज वही दुसऱ्या कुणाला द्या."

"बसा तुम्हीच," ते म्हणाले. "आज तर तुम्हीच."

डेनबर्गने पहिल्याच चढाईत बास्केट केली. टोर्सनने बरोबरी साधली. मिलोने एक फ्री थ्रो टाकला तेव्हा डेनबर्ग पुन्हा एका गुणाने पुढे गेले. घड्याळात दहा सेकंद उरले असताना नेल्स फोसेने कोपऱ्यातून चेंडू सोडला. तो तुळईच्या जेमतेम खालून गेला आणि जाळीतून पडला. पंचेचाळीस, चव्वेचाळीस. वर्नाबाईंनी पुटपुटत शेवटचा आकडा खोडला, वरून खाली सगळी वही तपासली आणि मगच मान वर केली. तोवर एवढ्या गर्दीत कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही. सगळे त्यांच्या पेन्सिलीकडे पाहत होते.

मिलोने मला उचलले आणि चालत टोर्सनच्या बाकापर्यंत नेऊन दिले. दुसऱ्या आठवड्यात डेनबर्गची पट्टी काढून टोर्सनची बसवली गेली. जुन्या खिळ्यांची दोन भोके नव्या पट्टीच्या वर अजून आहेत. बोट फिरवले तर लागतात.

मित्रांनो, खरे बोलल्याबद्दल वर्नाबाईंचे कौतुक झाले असे सांगायला मला आवडले असते. टोर्सनमध्ये झाले, हार्लोमध्ये झाले. त्यांच्या स्वतःच्या गावात झाले नाही. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कोणी बसेना. गावजेवणाला त्यांनी केलेले कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, जसेच्या तसे परत गेले. एमिल सरांनी त्यांच्याशी बोलणे सोडले. एकाच टेबलावर जेवताना ते म्हणत, "आई, हिला सांग मीठ इकडं दे." हे मी पाहिले नाही. फार वर्षांनी मला एमिल सरांच्याच तोंडून कळले.

ऑक्टोबरात लीगची बैठक टोर्सनला भरली. मी तेथे भिंतीवर होते. नव्या वर्षाचे चिटणीस निवडायचे होते. वर्नाबाईंनी राजीनामा टाइप करून आणला होता. तो त्यांनी वाचून दाखवला. तेव्हा प्रशिक्षकांच्या रांगेतून एमिल सर उठले. टोपी हातात फिरवत म्हणाले, "वही तिच्याकडंच राहू द्या. आपण सगळेच चुकतो. चुकल्यावर येऊन सांगणारी ही एकटीच आहे." एवढे बोलून ते खाली बसले. वर्नाबाईंनी राजीनाम्याचा कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. परतीच्या वाटेवर दोघे एकाच गाडीतून गेले, एवढे मी खिडकीतून पाहिले.

त्यानंतर एकतीस वर्षे ती वही त्यांच्याकडे होती. मुलींच्या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा माझ्यावर जागा उरली नव्हती, म्हणून मला दोन्ही बाजूंना दोन नव्या फळ्या जोडल्या गेल्या. डेनबर्गच्या मुलींनी मला तीनदा नेले. त्या पट्ट्या बसवताना वर्नाबाई स्वतः हातोडीजवळ उभ्या असत.

पण तोवर गावे ओसरू लागली होती. यंत्रे मोठी झाली, शेते मोठी झाली आणि घरे कमी झाली. पूर्वी जेथे पाच कुटुंबे राबत तेथे एक माणूस यंत्रावर बसून सगळे रान कापू लागला. मुलेच नाहीत तर शाळा कशी चालणार? टोर्सनची शाळा आधी बंद झाली. मग गिलबीची, मग केलर्टची. शेवटी तीन शाळा उरल्या आणि त्यांनीही एकत्र येऊन हमरस्त्यावर एक नवी शाळा बांधली. १९९३ सालच्या वसंतात लीगची शेवटची बैठक झाली. वर्नाबाई निवृत्त झाल्या होत्या, तरी इतिवृत्त लिहायला आल्या. लीग विसर्जित करण्याचा ठराव त्यांनी एकही चूक न करता टाइप केला आणि यंत्रावर झाकण घातले.

नव्या शाळेच्या चकचकीत कपाटात माझ्यासाठी जागा नव्हती. माझ्यावर ज्या शाळांची नावे होती त्या तेथल्या मुलांना माहीत नव्हत्या. मला कोठीत, व्हॉलीबॉलच्या फाटक्या जाळ्यांमागे ठेवण्यात आले. पंधरा वर्षे मी तेथे होते. उंदरांनी माझी एक कड कुरतडली. दोन पट्ट्या गळून पडल्या. बाहेर मुले खेळत असत, शिट्ट्या वाजत, आणि मला वाटे, कोणीतरी हात लावून जाईल. मी कोणाला दोष देत नाही. कोठी आवरायला कोणालाच वेळ नसतो.

मग एका शिपायाने नळ दुरुस्त करताना मला पाहिले. त्याची आई हार्लोच्या वृद्धाश्रमात होती. त्याने मला गाडीत घातले आणि तेथल्या जेवणघराच्या भिंतीवर टांगले.

मित्रांनो, तेथे मला सहाही गावे पुन्हा भेटली. परगण्यात वृद्धाश्रम तो एकच, त्यामुळे सगळ्यांचे म्हातारे तेथेच येतात. कोणी सांगितले नसताना ते गावागावांची टेबले करून बसतात. वर्नाबाई तेथे होत्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. एमिल सर चाकाच्या खुर्चीत होते. मिलो सोबोत्का गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आला होता आणि नेल्स फोसे बायको गेल्यावर. नेल्सच्या लाल केसांतला एकही शिल्लक नव्हता. दोघे रोज सूप निवेपर्यंत भांडत.

"तुझा पाय रेषेवर होता," मिलो म्हणे.

"पन्नास वर्षं झाली मिलो. आता तरी मला पाय उचलू दे."

"वर्नाला विचार. वर्ना, याचा पाय होता की नाही?"

"पाय बघायचं काम पंचांचं," वर्नाबाई म्हणत. "मी आकडे लिहीत होते."

सहा वर्षे हे असे चालले. एका वसंतात वर्नाबाई झोपेतच गेल्या. दफनानंतर सगळे जेवायला परत आले, पण एमिल सर टेबलाशी गेले नाहीत. त्यांनी आपली खुर्ची माझ्याखाली आणून लावली. मिलो येऊन शेजारी बसला. एमिल सर म्हणाले, "त्या वर्षी मी तिच्याशी उन्हाळाभर बोललो नाही, असं लोक सांगतात. उन्हाळाभर नाही. दोनशे अकरा दिवस. मी मोजलेत." मिलोने उठून त्यांच्यासाठी कॉफी आणली आणि दोघे तेथेच बसून राहिले.

आता एमिल सरही नाहीत. टोर्सनच्या टेबलावर दोघे आणि डेनबर्गच्या टेबलावर तिघे उरले आहेत, म्हणून ती टेबले अलीकडे एकमेकांना लावून ठेवतात.

दर महिन्याला हमरस्त्यावरच्या नव्या शाळेतली मुले वृद्धांना भेटायला येतात. गुणी मुले आहेत. माझी वाईट अवस्था पाहून ती पितळ घासायची पूड घेऊन येतात आणि मन लावून माझ्या पट्ट्या घासतात. पट्ट्या सोन्यासारख्या चमकतात, पण दर वेळी अक्षरे थोडी झिजतात. 'गिलबी १९४०' आता नीट वाचता येत नाही. 'केलर्ट'मधला 'के' गेला आहे.

म्हणून बाळांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या गावातही माझ्यासारखी एखादी जुनी ढाल कोठे तरी टांगलेली असेल. तिला पुसायला जाल तेव्हा कोरडे, मऊ फडके घ्या आणि हलक्या हाताने धूळ तेवढी झाडा. मग शेजारी जो कोणी म्हातारा बसला असेल त्याच्याजवळ स्टूल ओढून बसा, एका पट्टीवर बोट ठेवा आणि त्या वर्षी काय झाले होते ते त्याला विचारा. तो सांगायला लागला की कोणाला तरी लिहून घ्यायला सांगा. चमक नसली तरी माझे चालेल, माझ्यावरची नावे तेवढी वाचता येऊ द्या.